गाडी उचलावी की पांदण?
(पिकअपचे कमानपाटे आणि मोठे टायर निवडताना घ्यावयाची दक्षता)



आपल्या या पत्रिकेत ऊस लागण, खोडव्याची निगा, खताचे हप्ते, वार्षिक सभेचा वृत्तांत असे विषय नेहमी येतात. आज जरा निराळा विषय घेतो. निराळा असला तरी तो आपल्या वावरातूनच आलेला आहे.

कारखान्याला ऊस जातो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीने, ट्रकने, नाहीतर टायरच्या बैलगाडीने. परंतु बाकीची सारी ने-आण आता पिकअप करते. लागणीचे बेणे आणायचे, खताची पोती टाकायची, जळालेली मोटार रिसोडला दुरुस्तीला न्यायची, फडातले वाढे गोठ्यापर्यंत आणायचे, सोयाबीन आणि हळद बाजार समितीत पोचवायची, या सगळ्याला पिकअप लागते. उन्हाळाभर गाडी खुशाल पळते. मृगाचे दोन पाऊस झाले की आपली काळी जमीन तिला धरून ठेवते. चाके रुततात, गाडी पोटावर बसते, आणि मग ट्रॅक्टरवाल्याच्या घरी जाऊन "भाऊ, जरा चालता का?" म्हणण्याची पाळी येते.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. "गाडी उचलून घ्या न भाऊ! मागं दोन पाटे वाढवा, खाली ठोकळा टाका, मोठे टायर बसवा. मंग पाहा कशी निघते ते." हा सल्ला मी ऐकला. एका हंगामाच्या खताला पुरले असते एवढे पैसे त्यात घातले. त्याचे फळ काय मिळाले ते पुढे सांगतोच. माझे पैसे गेले ते गेले, तुमचे जाऊ नयेत आणि तुमच्या पोराबाळांच्या जिवावर बेतू नये, एवढ्यासाठी हा लेख.

उचलले नेमके काय जाते?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. गाडी अडकते ती कुठे, हे कधी वाकून पाहिले आहे काय? पिकअपच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड आडवा आस असतो. बैलगाडीचा आस असतो तसाच, फक्त पोकळ. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा मोठा गोळा असतो. गाडीचा सर्वांत खालचा भाग बहुधा हाच गोळा. पांदणीत ट्रॅक्टरने दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. पिकअपची चाके त्यांत उतरतात आणि मधल्या उंचवट्यावर हा गोळा टेकतो. गोळा टेकला की चाकांवरचा भार कमी होतो, चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी संपली.

आता पाहा. कमानपाटे त्या आसाच्या वर बसवलेले असतात. तुम्ही पाटे वाढवा, ठोकळा टाका, काहीही करा. उचलला जातो तो पाट्यांच्या वरचा भाग, म्हणजे चासी, हौदा आणि केबिन. आस आणि गोळा जिथे होते तिथेच राहतात. कमान चार इंच उचलली तरी गोळा जमिनीपासून एक दोराभरही वर जात नाही. बैलगाडीच्या साट्याखाली लाकडे लावून साटा उंच केला म्हणून आस काही उंच होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आस उंच करायचा तर चाकच मोठे हवे. आपल्या वाडवडिलांनी बैलगाडीचे चाक छातीइतके उंच ठेवले ते उगीच नव्हे. उंच चाक खड्ड्यातून सहज निघते आणि आसही उंच राहतो. मात्र चाक जेवढे वाढते त्याच्या निम्माच आस वर जातो, हेही ध्यानात ठेवावे. हा हिशोब आता आकड्यांतच करू.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या अंगावर उदाहरणार्थ '२१५/७५ आर १५' असे लिहिलेले असते. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या ७५ टक्के उंच. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

आता बेरीज करा. २१५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १६१ मि.मी. भिंत वरून एक, खालून एक, अशा दोन मिळून ३२२ मि.मी. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी. एकूण चाकाची उंची झाली सुमारे ७०३ मि.मी.

त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतला तर हीच बेरीज सुमारे ७३३ मि.मी. येते. चाक ३० मि.मी.ने वाढले, आस वर गेला १५ मि.मी.ने. बोटाच्या जाडीएवढा! आणखी पुढे जाऊन २६५/७५ आर १५ टाकला तर उंची ७७८ मि.मी. होते आणि आस सुमारे ३७ मि.मी.ने, म्हणजे दीड इंचाने वर जातो. चार-पाच टायरांचा खर्च करून हाती येतो तो दीड इंच. पांदणीतली चाकोरी मात्र हातभर खोल असते.

बरे, हा दीड इंच फुकट मिळत नाही. इंजिन तेच, गिअर तेच आणि चाक मात्र दहा टक्के मोठे. त्यामुळे चाकाच्या टोकाशी मिळणारी ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते. भरलेली गाडी चढावर पहिल्या गिअरात रडू लागते आणि क्लचप्लेट लवकर जळते. ब्रेकचेही तसेच. तोच ब्रेक मोठ्या चाकाला कमी जोराने रोखतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने पळत असते. वळताना टायर मडगार्डला किंवा आतल्या बाजूला घासतो तो त्रास निराळाच. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर त्याचा मधला पट्टा आधी झिजतो, म्हणून टायर कंपनीने त्या मापाला कोणती रिम चालते म्हणून सांगितले आहे तेही पाहावे लागते.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो, तो भाराचा निर्देशांक. आपण मालवाहू गाडी वापरणारे लोक, आपल्यासाठी हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा. १०० लिहिले असेल तर तो एक टायर ८०० किलो पेलतो. १०४ म्हणजे ९०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. पुष्कळ वेळा दिसायला भरदार, खोल नक्षीचा मोठा टायर हा हौशी जीपगाड्यांसाठी केलेला असतो आणि त्याचा निर्देशांक मूळच्या साध्या दिसणाऱ्या मालवाहू टायरपेक्षा कमी असतो. असा टायर बेण्याच्या भाराखाली भर उन्हात फुटतो. टायर अंगाने दांडगा दिसला म्हणून ओझेही दांडगे पेलेल असे नाही.

शेवटी चार अंकी तारीख पाहावी. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. स्वस्तात मिळतो म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला टायर घेऊ नये. आणि वापरता वापरता नक्षीची खोली १.६ मि.मी.पर्यंत आली की पिकअपचा टायर नियमानेही बाद होतो, हे विसरू नये.

चिखलात खरे काम करते ती हवा

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ओळखला पाहिजे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. ओली असताना तिच्यात जोर राहत नाही. मुरमाड जमिनीत वरचा चिखल कापून अरुंद टायर खालच्या टणक थराला लागतो आणि गाडी निघून जाते. पहिल्या जीपगाड्यांचे टायर ६ इंचच रुंद होते, तरी त्या हलक्या गाड्यांनी डोंगर पालथे घातले. पण ओल्या काळ्या मातीत टणक थर लवकर लागतच नाही. तिथे गाडी हलकी असणे आणि भार पसरणे हाच उपाय.

भार पसरायचा कसा? पुष्कळांना वाटते रुंद टायर घेतला की झाले. तसे नाही. टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो जेवढी त्यात हवा असते. एका चाकावर ७०० किलो भार असेल आणि हवा ५० पौंड असेल, तर टायर साधारण २०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा ३० पौंड केली तर तोच टायर सुमारे ३३० चौरस सेंटिमीटरवर टेकतो. टायर बदलून हवा तेवढीच ठेवली तर फरक किरकोळ पडतो. आइसलँड नावाच्या बर्फाळ देशात लोक अशाच पिकअपना अजस्र टायर लावून बर्फावरून जातात. त्यांचीही खरी युक्ती हवेचीच आहे. ते लोक बर्फात हवा चार-पाच पौंडांपर्यंत उतरवतात.

आपण तेवढे करायचे नाही. परंतु गाडी रिकामी किंवा निम्म्या भाराची असताना, पांदणीपुरती, बैलाच्या चालीने जायचे असेल तर हवा थोडी उतरवावी आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी पुन्हा पुरी भरावी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि हवा मोजण्याचा काटा गाडीत ठेवावा. कमी हवेवर भरलेली गाडी डांबरीवर पळवली तर टायरच्या भिंती तापतात आणि टायर फाटतो. हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण चूक इथेच होते.

नक्षीविषयी एक शब्द. चिकण माती बारीक खाचांत भरून बसली की नवा टायरसुद्धा गुळगुळीत होतो. म्हणून मागच्या चाकांना, भार पेलणाऱ्या मापातच, रुंद खाचांचा लग टायर घ्यावा आणि पुढे रिब ठेवावा. खाचा रुंद असल्या की फिरता फिरता माती झडते. मात्र निव्वळ चिखलाचा म्हणून विकला जाणारा टायर डांबरीवर लवकर झिजतो आणि पावसात नीट थांबत नाही. आपली गाडी वर्षातले बहुतेक दिवस डांबरीवर असते, याचा विचार करावा.

पाटे, ठोकळे आणि शॅकल

आता कमानीकडे वळू. मागचा भाग उचलण्याचे तीन प्रकार आपल्याकडे चालतात.

पहिला प्रकार, पाटा वाढवणे. पाच सारखे पाटे असतील तर सहावा घातल्याने ताठरता सुमारे एकपंचमांशाने वाढते. भाराखाली कमान १०० मि.मी. दबत असेल तर आता ८३ मि.मी. दबेल. मिळाले १७ मि.मी. जाडीचा खेळ याहून मोठा आहे. ८ मि.मी. जाडीच्या जागी १० मि.मी.चा पाटा घातला तर त्या एका पाट्याची ताठरता जवळजवळ दुप्पट होते. म्हणून 'जरा जाड टाका' असे सहज म्हणू नये. ताठर कमानीची रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते. उडालेले चाक ब्रेक घेत नाही. दुसरे असे की, पाटा वाढवला म्हणून गाडी जास्त भार पेलण्यास लायक झाली असे मुळीच नाही. आस, बेअरिंग, हब, चासी, ब्रेक हे सारे जुनेच आहेत. पाटा तुटत नाही म्हणून माणूस भार वाढवतो आणि मग पाट्याच्या हँगरपाशी चासीला तडा जातो.

दुसरा प्रकार, ठोकळा. आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. स्वस्त आणि झटपट काम. पण ठोकळा उंच असला की जोर लावताना आस पिळतो आणि पाटे इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वाकतात. ठोकळ्यावर ठोकळा कधीही चढवू नये. पुढच्या, म्हणजे वळणाऱ्या आसाखाली तर ठोकळा घालूच नये. ब्रेक दाबताना तो निसटला तर सुकाणू हातात राहत नाही. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. नवे बोल्ट आवळल्यावर थोडी गाडी चालवून ते पुन्हा तपासावेत.

तिसरा प्रकार, लांब शॅकल. दोन इंच लांब शॅकल टाकला तर गाडी एकच इंच उचलते आणि मागचा भाग डुलायला लागतो. ज्या गाड्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते तिथे रिंगा घालून पुढचा भाग उचलतात. त्याने चाकांची ठेवण बिघडते, टायर एका कडेने झिजतो. अलाइनमेंट न करता तसेच फिरणे म्हणजे टायर खडकावर घासण्यासारखे आहे.

या तिन्ही प्रकारांत न दिसणारे दोन धोके आहेत. एक, मागचा ब्रेक नळीतून येतो. गाडी उचलली की रबरी नळी ताणली जाते आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले की तुटण्याचा संभव असतो. दुसरा धोका याहून लपलेला. पुष्कळ पिकअपना मागच्या आसाशी दांडीने जोडलेला एक वाल्व असतो. भार वाढून चासी खाली आली की तो मागच्या ब्रेकला जास्त तेल सोडतो, गाडी रिकामी असली की कमी. तुम्ही चासी ठोकळ्याने वर उचलली की त्या वाल्वला वाटते गाडी रिकामी आहे. गाडीत टनभर माल आणि मागचा ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा! गाडी उचलून देणाऱ्याने या वाल्वचे नाव काढले नाही, तर तिथून निघून यावे हे बरे. उचललेल्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर खराब होतात, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, हे आणखी वरचे.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग

मी हे सारे कशावरून सांगतो? मी माझ्या गाडीला मागे दोन पाटे आणि एक ठोकळा घातला, पुढे रिंगा टाकल्या, टायर मोठे केले. गाडी मोठी रुबाबदार दिसू लागली. पोरांनी तिच्याजवळ उभे राहून फोटो काढले. पहिल्या मोठ्या पावसानंतर पांदणीत गेलो आणि गाडी नेहमीच्याच जागी अडकली. वाकून पाहिले तर गोळा मातीत रुतलेला, आणि हौदा मात्र आभाळाला लागलेला!

खरा धडा पुढे मिळाला. फडातून वाढे भरून निघालो होतो. वाढे हलके म्हणून थर चढवत गेलो, केबिनच्याही वर. शेजारी पुतण्या बसलेला. नाल्याकाठी रस्ता एका अंगाला उतरता आहे, तिथे वळण घेतले आणि वरच्या बाजूची दोन्ही चाके सुटली. एक क्षण गाडी तशीच तोलली. मग धुऱ्याच्या मातीला टेकून थांबली. धुरा होता म्हणून आम्ही वाचलो. त्याच जागी शंभर पावलांवर धुरा नाही, सरळ नाला आहे. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. त्याची आई माझ्याशी आजही त्या विषयावर बोलत नाही.

गाडी उलटण्याचा हिशोब साधा आहे. दोन चाकांतले अंतर १४० सें.मी. धरा, त्याचे निम्मे ७०. भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १२० सें.मी. उंच असेल तर ७० भागिले १२०, म्हणजे ०.५८. गाडी १० सें.मी. उचलली की ७० भागिले १३०, म्हणजे ०.५४. हा आकडा जेवढा लहान तेवढी गाडी लवकर कलंडते. कमानी दबतात, टायर वाकतात, माल सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात तोल याहूनही लवकर जातो. मी उंची दोनदा वाढवली होती, एकदा कमानीने आणि एकदा वाढ्यांच्या थराने.

पुढे एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी खाली पाहिले आणि एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमचा एक जुना पाटा तुटलेला होता, दुसरा बसलेला होता. ते दोन बदलले असते तरी गाडी उभी राहिली असती. तुम्ही आजारी बैलाले झूल घातली." मी ठोकळे काढले, कमान मूळ मापाची केली. गाडी आजही चालते आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, कंपनीने ठरवलेला आणि नोंदणीत असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी तरतूद आहे. म्हणून टायर घेताना आपल्या मॉडेलला कंपनीच्या पुस्तिकेत जी मापे दिली आहेत त्यांतलेच घ्यावे. कधी कधी त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला एक माप मोठे दिलेले असते. तेवढी मुभा पुरेशी आहे. शंका असेल तर वाशिमच्या परिवहन कार्यालयात आधी विचारावे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येतो, हे तर अडल्यावरच कळते.

मग करावे काय?

१) गाडी रिकामी, सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांचे अंतर टेपने मोजा. तशाच नव्या गाडीशी ताडून पाहा. डावे-उजवे यांत फरक असेल किंवा मागचा भाग बसलेला असेल, तर आधी मूळ मापाचे पाटे, बुश, शॅकल पिना आणि शॉकअॅब्सॉर्बर बदला. भट्टीत तापवून नुसता ठोकून कमान दिलेला पाटा लवकर बसतो नाहीतर तुटतो. पाण्याचा संस्कार, म्हणजे टेम्परिंग, माहीत असलेल्या कारखान्यातूनच पाटा घ्या.

२) टायर घेताना क्रम असा ठेवा: आधी भाराचा निर्देशांक, मग पुस्तिकेतले माप, मग नक्षी, मग तारीख, आणि शेवटी किंमत. एका आसावर दोन निराळ्या मापांचे टायर नकोत. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीला तर चारही टायर एकाच उंचीचे हवेत. स्टेपनीही त्याच मापाची ठेवा.

३) ओल्या वावरात भरलेली गाडी नेऊच नका. टायर कोणताही असो, जड आस खोलवरची माती दाबतो आणि खोडव्याची खोडे चिरडतो. बेणे, खत धुऱ्यावर उतरवून बैलगाडीने किंवा डोक्यावरून आत न्यावे. एक दिवसाची मजुरी वाचवून वर्षाचा खोडवा घालवू नये.

४) वाढे, कडबा भरताना थर हौद्याच्या वर किती जातो ते पाहा आणि दोराने आवळा. मालाच्या हौद्यात माणसे बसवू नका. टोळीतली माणसेही कोणाची तरी लेकरे आहेत.

५) गाडीत दोन फळ्या, फावडे, मजबूत दोर, हवेचा पंप आणि काटा ठेवा. रुतलेल्या चाकासमोर माती उकरून फळी सरकवली, तर बहुतेक वेळा ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.

शेवटचे आणि महत्त्वाचे

बंधूंनो, मी माझी गाडी उचलली त्याच वर्षी आमच्या पांदणीवरच्या आणखी तिघांनी आपापल्या गाड्या उचलल्या. चौघांचे पैसे एकत्र केले असते, तर त्या हातभर चाकोऱ्यांत मुरूम पडला असता. दोन्ही अंगांना नाली निघाली असती आणि नाल्यावर सिमेंटचे नळे बसले असते. काळ्या मातीच्या रस्त्याचा रोग पाणी हा आहे. पाणी बाहेर काढले आणि मधला भाग थोडा उंच, दोन्हीकडे उतरता ठेवला की साधी गाडी साध्या टायरवर निघते. बैलगाडी निघते, शाळेत जाणारी पोरे निघतात, बाळंतीण निघते. शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली याच कामासाठी सुरू झाली. ग्रामपंचायतीत तिची चौकशी करावी, आणि योजना येईल तेव्हा येईल, तोवर चार घरांनी चार ट्रॉल्या मुरूम तरी टाकावा.

एकट्याने आपली गाडी उंच करायची आणि बाकीच्यांनी रुतून बसायचे, हा सहकार नव्हे. एकेकट्याचा ऊस गुऱ्हाळाला जात होता तो चार जणांनी मिळून कारखान्याला घातला, तिथून आपली ही सारी वाटचाल आहे. तेव्हा गाडीचे पाटे तपासा, टायर जोखून घ्या, हवा मोजा. आणि उचलायचेच असेल तर सगळ्यांनी मिळून पांदण उचला.

येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गटात एवढा विषय काढावा, ही नम्र विनंती.

— एक सभासद, रिसोड तालुका